कोरडी माशी : एका नियमाचा इतिहास

हॉल आणि नाइट ही जोडनावे ज्याने विद्यार्थिदशेत भयमिश्रित आदराने उच्चारली नाहीत, असा जुन्या पिढीतला मॅट्रिक्युलेट विरळाच. १८८५ साली निघालेले त्यांचे शालेय बीजगणित आणि १८८७ चे उच्च बीजगणित ही पुस्तके इंदूर, बडोदे, बेळगाव येथील कित्येक घरांच्या फडताळांत आजही पिवळ्या पानांनिशी पडून असतील. या जोडीतील हेन्री सिंक्लेअर हॉल हे गृहस्थ ब्रिस्टलनजीकच्या क्लिफ्टन कॉलेजात गणित शिकवीत. परंतु इंग्लंडातील एका लहानशा व अत्यंत आग्रही मंडळीत हॉल यांचे नाव निघते ते बीजगणितासाठी निघत नाही. ते निघते मासे धरण्याच्या गळाला त्यांनी पाडलेल्या एका नेढ्यासाठी.

सुईला जसे नेढे असते तसे गळाला असावे, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिचे श्रेय कोणाला द्यावे लागेल हेच मनात येत नाही. पण या नेढ्यावाचून ‘कोरडी माशी’ नावाची विद्या उभीच राहिली नसती. आणि ती उभी राहिली नसती तर तिच्या पाठोपाठ आलेला एक नियम, त्या नियमावरून अर्धशतक चाललेला वाद, आणि त्या वादात उतरलेला एक वकील, यांपैकी काहीच घडले नसते. वकिलाचे नाव निघाले म्हणजे मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे कोकणात व गोव्यात गरवणारा मनुष्य गरीला कोळंबी, गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून ती पाण्यात सोडतो. आमिष खरे असते आणि मासा ते खाण्यासाठीच येतो. युरोपातील थंड नद्यांत राहणारा ट्राउट मासा मात्र फार मोठ्या प्रमाणावर पाण्यातल्या व पाण्यावरच्या किड्यांवर जगतो. हे किडे इतके नाजूक असतात की गळाला टोचले तर चिरडून जातात. तेव्हा माणसाने रेशीम, लोकर आणि पिसे यांचा खोटा किडा गळावरच बांधण्याची युक्ती काढली. या खोट्या किड्याला इंग्रज लोक सरसकट ‘फ्लाय’, म्हणजे माशी, म्हणतात. मासा व माशी यांत मराठीने जो एका मात्रेचा खेळ करून ठेवला आहे, तो या विषयाला फारच सोयीचा पडतो.

ही युक्ती जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बसवतात, असे वर्णन केले आहे. इंग्रजीत या विषयावरचा पहिला छापील प्रबंध १४९६ साली विंकिन डी वर्ड या मुद्रकाने प्रसिद्ध केला. त्यात बारा माश्यांची कृती दिली आहे. तो ज्युलियाना बर्नर्स नावाच्या जोगिणीने लिहिला, अशी परंपरा सांगते. पुढे आयझॅक वॉल्टनचे १६५३ चे सुप्रसिद्ध पुस्तक आले, आणि त्याच्या १६७६ च्या आवृत्तीला चार्ल्स कॉटनने माशीच्या मासेमारीवर स्वतंत्र भाग जोडला.

मासे धरणे हा पोटाचा धंदा न राहता विनोद, म्हणजे करमणूक, केव्हा झाला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर केवळ पश्चिमेकडे शोधण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने मनोरंजन कसे करावे हे सांगताना त्याने ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच घातले आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने त्यांना धरण्याची रीत यांचे त्यात वर्णन आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजने छापून काढला, हे येथे मुद्दाम नमूद करतो. कारण छंद म्हणून गळ टाकणे ही साहेबाने आणलेली गोष्ट आहे, असे मानणारे पुष्कळ भेटतात. संस्कृतात गळाला ‘बडिश’ असा शब्द आहे आणि तो कोशकारांना चांगला परिचित होता. आपल्याकडे नव्हती ती पिसांची माशी. आपले मासे निराळे, आपले पाणी निराळे, त्यामुळे तिची गरजच पडली नाही.

आता शेकडो वर्षे ही पिसांची माशी पाण्याखालूनच चालत असे. तिला नंतर ‘ओली माशी’ हे नाव पडले. इंग्लंडच्या दक्षिणेस हॅम्पशायरमध्ये टेस्ट व इचेन या नावाच्या दोन नद्या आहेत. त्यांचे पाणी पावसाळी लोंढ्याचे नव्हे. पाऊस खडूच्या मऊ खडकात मुरतो, आत गाळला जातो आणि झऱ्यांच्या वाटेने वर येतो. म्हणून उन्हाळ्यात व हिवाळ्यात त्याचे तापमान फारसे बदलत नाही आणि ते काचेसारखे स्वच्छ असते. तळाची प्रत्येक पाणवनस्पती, प्रत्येक खडा दिसतो. अर्थात मासाही दिसतो, आणि माशाला माणूसही दिसतो. अशा संथ, नितळ पाण्यात ट्राउट पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर स्थिर उभा राहून वाहत येणारे किडे एकामागून एक टिपत असतो. पाण्याखालून ओढली जाणारी माशी येथे त्याला पुष्कळदा फसवू शकत नाही.

तो टिपतो ते किडे कोणते, हे सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळावयाची नाही. त्यांत मुख्य ते ‘मे-फ्लाय’ व तिची भावंडे. यांचे शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतल्या ‘एक दिवसाचे’ या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. नदीच्या गाळात अळीरूपाने वर्ष-दोन वर्षे काढल्यावर हा जीव एके दिवशी वर येतो. पृष्ठभागावर त्याची कात फाटते, पंख उभे राहतात, आणि ते वाळेपर्यंत शिडाच्या होडीसारखा तो प्रवाहावर वाहत जातो. मग उडून झाडावर बसतो, आणि तेथे पंखांसकट आणखी एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा किड्यांमध्ये हा एकच वर्ग. या शेवटच्या रूपात त्याला खाण्यायोग्य तोंडही नसते. नृत्य, मीलन, अंडी, आणि मरण, एवढेच काम उरते. आणि मेल्यावर पंख पसरून तो पुन्हा पाण्यावर येऊन पडतो. होडीसारखा वाहत असताना आणि मरून पडल्यावर, असा दोन वेळा हा किडा ट्राउटच्या ताटात येतो, आणि दोन्ही वेळा तो पाण्याच्या वर असतो. मग खोटी माशीही वर तरंगली पाहिजे, हे ओघाने आले.

पण लोखंड तरंगत नाही. डेव्हनमधील जॉर्ज पुलमन या गृहस्थाने १८४१ साली काढलेल्या व पुढे वाढवीत नेलेल्या आपल्या छोट्या पुस्तकाच्या १८५१ च्या आवृत्तीत यावर साधा उपाय स्पष्ट शब्दांत सांगितला : भिजलेली माशी सोडून टाकावी, कोरडी लावावी, आणि ती माशाच्या वरच्या बाजूस हलकेच टाकून प्रवाहाबरोबर खाली येऊ द्यावी. उपाय साधा, पण अमलात आणणे अवघड. त्या काळी माशी ज्या तंतूवर बांधलेली असे तो तंतू गळाच्या दांडीला कायमचा जखडलेला असे. हा तंतू रेशमाच्या किड्याच्या पोटातील ग्रंथी ताणून बनवीत. माशी कोरडी ठेवायची तर ती हवेत मागे-पुढे झुलवून तिच्यातले पाणी झटकावे लागते. आणि असे शे-दोनशे वेळा झुलवले की तंतू नेमका गळाच्या गळ्याशी मोडतो. एका माशीबरोबर तिचा सारा तंतू फुकट.

येथे आपले बीजगणितकार हॉल अवतरतात. जॉर्ज बँकार्ट या मित्राच्या साहाय्याने त्यांनी १८७९ च्या सुमारास बारीक तारेचा, हलका, नेढे असलेला गळ सिद्ध करवून घेतला. आता तंतू निराळा, माशी निराळी. भिजली की गाठ सोडा, दुसरी ओवा. तंतू झिजला की बोटभर तोडून पुन्हा गाठ मारा. समीकरणातील अज्ञात राशी मोकळी करून बाजूला घ्यावी तसाच हा प्रकार झाला. बॅडमिंटन ग्रंथमालेतील मासेमारीच्या १८८५ च्या खंडात हॉल यांनी कोरड्या माशीवर लिहिलेही आहे. म्हणजे ज्या वर्षी त्यांनी मुलांना ‘क्ष’ची किंमत काढायला लावली, त्याच वर्षी.

माशी बांधण्याचे काम पाहण्यासारखे असते. नखाएवढा गळ एका लहान शेगड्यात पकडतात. मेण लावलेल्या बारीक रेशमी दोऱ्याचे वेढे त्याच्या दांडीवर घेतात. मागच्या टोकाला कोंबड्याच्या ताठ पिसाचे तीन-चार तंतू शेपटी म्हणून बसवतात. पाण्यावर बसताना या शेपटीचा टेकू लागतो. मग अंग. त्यासाठी पुष्कळदा मोराच्या पिसाच्या डोळ्यातील एक तंतू घेऊन त्यावरची लव नखाने खरवडून काढतात. उरलेला देठ एका कडेला गडद व दुसऱ्या कडेला फिका असतो, त्यामुळे गळाभोवती गुंडाळला की किड्याच्या पोटावरील वळ्या हुबेहूब उठतात. पुढे पंखांसाठी एखाद्या पक्ष्याच्या पिसाचे दोन तुकडे उभे करतात. शेवटी सर्वांत महत्त्वाचे काम : नर कोंबड्याच्या मानेवरील एक लांब, चकचकीत, ताठ पीस पंखांच्या पायथ्याशी काटकोनात गुंडाळतात, म्हणजे त्याचे तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे सभोवार उभे राहतात. दोऱ्याच्या गाठीने तोंड बंद करून त्यावर वार्निशचा थेंब देतात.

माशी तरंगते ती या आऱ्यांवर. लाकडाचे ढलपे तरंगते तशी ती तरंगत नाही, कारण पोलाद पाण्याहून जवळजवळ आठपट जड. परंतु पाण्याच्या पृष्ठभागास ताणलेल्या कापडासारखी एक शक्ती असते. तिच्या आधारे पाणनिवळी नावाचा किडा आपल्या विहिरीवर चालतो, आणि अलगद ठेवली तर सुईही तरंगते. कोंबड्याच्या पिसाचे पन्नास-साठ ताठ तंतू आपापल्या टोकांनी त्या कापडाला टेकतात, ते फाडत नाहीत, आणि गळाचा भार वाटून घेतात. कोंबडीचे पीस मऊ व पाणी पिणारे, म्हणून ते ओल्या माशीला. नराचे कडक व पाणी न धरणारे, म्हणून ते कोरडीला. तेवढ्याने भागले नाही तर माशीला रॉकेलचा हात लावीत. ओढीची दोरी रेशमाची व तेलाने वळवलेली असे. तिला चरबी चोळीत, म्हणजे तीही बुडत नसे.

या सामानात हिंदुस्थानचा वाटा मोठा होता. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात विलायती माशी बांधणारे कोंबड्यांच्या माना हिंदुस्थानातून व चीनमधून मागवीत. आपल्या सह्याद्रीतील रानकोंबड्याच्या मानेवरील मेणाच्या ठिपक्यांसारखी पिसे सामन माशाच्या भपकेदार माश्यांसाठी इतकी खपत की त्या पक्ष्यावर मोठेच संकट आले. १९०२ साली सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली त्याच्या मुळाशी असा सर्व पिसांचा व्यापार होता. चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्याही आरंभी कलकत्त्याहून जाणाऱ्या बांबूच्या असत. चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकले ते नंतर. हॅम्पशायरच्या हिरवळीवर उभ्या असलेल्या साहेबाच्या हातात असा अर्धा हिंदुस्थान असे.

माशी तयार झाली तरी ती टाकणे ही निराळीच विद्या. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून माणसाने त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाने, वाकत जावे लागते. माशी त्याच्या दोन-तीन हात पुढे, एखादे पीस गळून पडावे तशी पडली पाहिजे. मग ती प्रवाहाच्याच वेगाने यावी, रेसभरही कमी-जास्त नाही. नदीचे पाणी मधोमध वेगाने व काठाशी सावकाश वाहते, त्यामुळे मधल्या दोरीला बाक पडतो व ती माशीला खेचू लागते. माशीच्या मागे लहानशी रेघ उठते. माणसाच्या डोळ्याला ती दिसतही नाही. ट्राउट मात्र ती पाहून शांतपणे बाजूला होतो, आणि त्यानंतर तासभर त्याच्यापुढे काहीही टाका. खालून वर पाहणाऱ्या माशाला आकाश एका वाटोळ्या झरोक्यातूनच दिसते, बाकीचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा असतो, आणि त्या आरशात प्रथम दिसतात ती माशीच्या पायांनी पडलेली चमकणारी टिंबे. कर्नल हार्डिंग यांच्या १९३१ च्या पुस्तकात माशाच्या या दृष्टीचा चांगला विचार आहे.

या सर्व विद्येला शास्त्राचे रूप दिले ते फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी. जन्म १८४४, घराणे श्रीमंत कापडवाल्यांचे. १८७९ साली विंचेस्टरमधील एका मासेमारीच्या दुकानात त्यांची जॉर्ज सेल्विन मॅरिएट यांच्याशी गाठ पडली. मॅरिएट हातचा कसबी व डोळ्याचा तीक्ष्ण. हॅलफर्ड चिकाटीचा व नोंदी ठेवणारा. दोघांनी नदीतले किडे पकडून, बाटल्यांत ठेवून, रंग ताडून, एकेका किड्याची एकेक माशी ठरवली. १८८६ साली ‘तरंगत्या माश्या व त्या बांधण्याची रीत’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले आणि १८८९ साली त्याच्या जोडीचे दुसरे. पुस्तकावर आपलेही नाव घालावे ही हॅलफर्डची विनंती मॅरिएट यांनी नाकारली, आणि १८९६ साली ते वारले. ज्ञान दोघांचे, ग्रंथ एकाचा. अशी उदाहरणे आपल्या शास्त्री-पंडितांच्या घराण्यांतही कमी नाहीत.

हॅलफर्ड यांनी वर दिसणारा मासा निवडावा, तो कोणता किडा खातो ते पाहावे, त्याच किड्याची कोरडी माशी वरच्या दिशेने टाकावी, असा क्रम सांगितला. त्यामागे कारणे होती. स्वच्छ पाण्यात ओली माशी आंधळेपणाने खालपर्यंत ओढत नेली तर दहा मासे बिथरतात, लहान मासे विनाकारण टोचले जातात, आणि शेजाऱ्याचा दिवस वाया जातो. हे पाणी खाजगी मालकीचे, भाड्याने घेतलेले. टेस्ट नदीवरील हूटन क्लब तर १८२२ पासूनचा. सभासद थोडे, मासे मोजके. अशा ठिकाणी शेजारधर्म म्हणून नियम निघणे साहजिक होते. परंतु पाहता पाहता रीत ही नीती झाली. अमुक काठावर कोरडी माशीच चालेल, असे क्लबांच्या नियमांत आले. आणि ओली माशी टाकणारा मनुष्य केवळ अडाणी नव्हे तर काहीसा हीन ठरू लागला.

मीमांसकांनी विधींचे दृष्टार्थ व अदृष्टार्थ असे भेद केले आहेत. भात सडावे, हा विधी दृष्टार्थ. कारण तूस निघते हे डोळ्यांना दिसते. जेथे दिसणारे फळ नसते तेथे अदृष्ट कल्पावे लागते. हॅलफर्डचा नियम मुळात दृष्टार्थ होता. त्याच्या शिष्यांनी तो अदृष्टार्थ करून टाकला. देवस्थानच्या महाजनांच्या सभेत ज्यांनी कधी काळी भाग घेतला आहे, त्यांना ही प्रक्रिया समजावून सांगण्याची गरज नाही : वाट अरुंद होती म्हणून पालखी उजवीकडून नेत, वाट रुंद होऊन पन्नास वर्षे लोटली तरी डावीकडून नेण्याचा ठराव मांडणाऱ्याची धडगत नसते.

या नियमाविरुद्ध उभा राहिला तो आमच्या धंद्यातला मनुष्य. जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज, जन्म १८५८, न्यूफाउंडलंड बेटावरचा. शिक्षण विंचेस्टरला, वकिली लंडनला. १८८३ पासून ते इचेन नदीवर विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टन येथे जात. प्रथम तेही हॅलफर्डचेच भक्त. पण वकिलाला साक्षीपुराव्यावाचून करमत नाही. पाण्याच्या वर शेपटी व पाठ काढून उसळणारा मासा वरचे किडे खात आहे असे सगळे म्हणत. स्क्यूज यांनी धरलेल्या माशाच्या पोटात, जेवणाच्या टेबलावरचा मज्जा काढण्याचा लांब चमचा घालून, आतला ऐवज पांढऱ्या बशीत काढला. पंख फुटलेले किडे थोडे, आणि पृष्ठभागाखाली तरंगत येणाऱ्या, पंख न फुटलेल्या अळ्या पुष्कळ. यांना इंग्रजीत ‘निंफ’ म्हणतात, म्हणजे जलदेवता. आपल्या ‘अप्सरा’ शब्दातही पाणीच आहे, तेव्हा आपण त्यांना अप्सरा म्हणावयास हरकत नाही. मासा अप्सरा खात असेल तर त्याला अप्सरेचीच प्रतिकृती, किंचित पाण्याखाली, पण त्याच वरच्या दिशेने व तो दिसत असतानाच टाकली, तर नियमाच्या कोणत्या हेतूचा भंग होतो? १९१० साली त्यांनी हे एका छोट्या पुस्तकात मांडले आणि १९२१ साली मोठ्या पुस्तकात सविस्तर सिद्ध केले.

कारण संपले की त्या कारणावर उभा असलेला नियमही संपतो, हे कायद्याचे जुने सूत्र आहे. स्क्यूज यांचा सारा युक्तिवाद या सूत्राचा विस्तार होय. शेजारी बिथरत नाही, लहान मासा टोचला जात नाही, मासा निवडूनच धरला जातो. प्रतिपक्षाचे म्हणणे, अप्सरेला एकदा दार उघडले की तिच्या मागून जुनी ओढत नेण्याची ओली माशी आत येईल, आणि मग कोणाला कोठे अडवणार? हाही मुद्दा अगदीच पोकळ नव्हे. नियम ओबडधोबड असला तरी त्याची सीमारेषा स्पष्ट असणे हाही एक गुण आहे. न्यायालयात बसणाऱ्याला त्याची किंमत चांगली कळते. १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वाद झाला. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होते. सभेतला रंग त्यांच्या बाजूचा नव्हता, आणि त्याच वर्षी पंचावन्न वर्षांचा ॲबट्स बार्टनचा काठ त्यांनी सोडला. त्यानंतर एका वर्षाने अप्सरांवरील त्यांचे पुस्तक निघाले. १९४९ साली ते वारले. आज जगभर त्यांची रीत सर्रास चालते. तरीही काही जुन्या काठांवर कोरड्या माशीचाच नियम अजून टिकून आहे. माझे मत विचाराल तर निकाल स्क्यूज यांच्या बाजूने द्यावा, पण हॅलफर्ड यांच्यावर खर्च बसवू नये.

याच वकिलाने कॅसलवेल नव्हे, ‘कास्टवेल’ नावाच्या एका गृहस्थाची गोष्ट लिहून ठेवली आहे. हे गृहस्थ मरतात. त्यांना एका रमणीय नदीवर नेले जाते, उत्तम काठी मिळते, पहिल्याच फेकीला अडीच पौंडांचा सुंदर ट्राउट लागतो. पुन्हा फेक, त्याच जागी तसाच मासा. पुन्हा तसाच. स्वर्गच हा! काही वेळाने ते म्हणतात, आता पुढे जाऊ या. सोबतचा रखवालदार म्हणतो, तसे चालत नाही. येथलाच मासा, येथेच, सतत. तेव्हा कोठे त्यांच्या ध्यानात येते की आपण स्वर्गात नसून दुसऱ्या ठिकाणी आलो आहोत. भोगाच्या निरंतरतेवर आपल्या पुराणांत पुष्कळ आख्याने आहेत. त्यांत ही सहज खपून जाईल.

अटलांटिकपलीकडे या विद्येला निराळे वळण लागले. न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील कॅट्सकिल डोंगरांत राहणारे थिओडोर गॉर्डन यांनी हॅलफर्ड यांना पत्र लिहिले आणि १८९० साली उत्तरादाखल त्यांना माश्यांचा नमुनेवार संच आला. गॉर्डन यांच्या ध्यानात आले की किडे निराळे आहेत आणि पाणीही निराळे आहे. तेथील नद्या खडकांवरून उसळत जातात. हॅम्पशायरची नाजूक माशी तेथे क्षणात बुडते. त्यांनी पिसे अधिक कडक व विरळ वापरली. पुढे १९३० च्या सुमारास ली वुल्फ यांनी पंख व शेपटी हरणाच्या केसांची केली; आणि इतरांनी हरणाचे केस गळावर घट्ट आवळून, ते फुलवून, कात्रीने छाटून अंगच त्याचे बनवले. हरणाचा केस आतून पोकळ कोशिकांचा व हवेने भरलेला असतो. म्हणजे पृष्ठभागाच्या ताणावर विसंबणारी माशी आता खरोखरीच ढलप्यासारखी तरंगू लागली. लाटेने बुडवली तरी पुन्हा वर येते. युरोपात बदकाच्या शेपटीजवळील तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसे स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातील कारागिरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वापरात आणली, त्यांचे तत्त्वही असेच.

याच वुल्फ यांनी १९३९ साली लिहिले की असा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही. तेव्हापासून धरलेला मासा परत सोडण्याची रीत वाढत गेली, आणि गळाच्या टोकावरील उलटा काटाही पुष्कळ ठिकाणी काढून टाकण्यात आला. येथे आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या मनात आधीपासून घोळत असलेला प्रश्न उभा राहतो. आपल्यांत मत्स्याहारी आहेत, न खाणारे आहेत. पण खाण्यासाठी मासा धरणाऱ्या गाबिताला आपण कधी दोष दिला नाही. ज्याला तो खायचाच नाही त्याने त्याच्या तोंडात काटा रुतवावा, आणि मग औदार्याने सोडून द्यावा, हे जीवदयेत बसते काय? मला ते बसत नाही असे वाटते. तथापि याच मंडळींनी नद्यांचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून गिरण्यांशी व नगरपालिकांशी भांडण मांडले, आणि पुष्कळ नद्या त्यांच्यामुळे वाचल्या, हेही जमेस धरले पाहिजे.

साहेब जेथे गेला तेथे ट्राउट घेऊन गेला. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात निलगिरीवर तो नेण्याचा केलेला यत्न फसला; विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेन्री विल्सन यांनी ॲव्हलांच येथे पैदासघर उभारल्यावर तो तेथे रुजला. काश्मिरात पाठवलेली अंडी १८९९ साली वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून दुसरी खेप सुखरूप पोचली, फ्रँक मिचेल यांनी ती जोपासली, आणि तेथील ओढ्यांत परदेशी ट्राउट देशी माशांच्या जागेत वाढू लागला. सह्याद्रीत तो आला नाही. त्याला बारमाही थंड पाणी लागते, आणि आपल्या नद्या चैत्रात तापतात.

आपला मासा महसीर. दक्षिण कानड्यात सरकारी अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली मंगळूरला छापलेल्या आपल्या पुस्तकात या माशाची थोरवी विलायतेला सांगितली. त्यांच्या आधी कित्येक शतके ती आपल्या देवळांना ठाऊक होती. महाडजवळ वाळणकोंड, वैतरणेवर तिळसे, दक्षिण कानड्यात शिशिल : या ठिकाणी देवाचे मासे म्हणून महसीरला कोणी हात लावीत नाही, आणि बाहेरच्या पाण्यांत तो दुर्मिळ झाला असताना या डोहांत हातभर लांबीचे महसीर आजही फिरताना दिसतात. भाविक काठावरून चुरमुरे टाकतो. ते हलके असल्याने पाण्यावर तरंगत प्रवाहाबरोबर खाली जातात, आणि खालून एक सावली हळूहळू वर येऊन ते एकेक करून टिपते.